प्यूजो की रॅले? आधी साईझ बघा

लीड्समध्ये दोनशे पाऊंडात जुनी रोड बाईक घ्यायचीये आणि १९८० च्या आसपासची फ्रेंच प्यूजो आणि ब्रिटिश रॅले यात अडकलाय म्हणता, तर पहिलीच असेल तर मी रॅले घेईन. प्यूजो चालवायला फार सुंदर असते हो, पण त्या काळातल्या बऱ्याच प्यूजोंना फ्रेंच आटे असतात, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधला फ्रेममधला बेअरिंगचा भाग) गेलं की साधा ब्रिटिश पार्ट बसतच नाही आणि मग शोधत बसा. रॅलेतही स्वस्त मॉडेलांना कंपनीचे स्वतःचे, इंचाला २६ असे आटे येतात, म्हणून रेनॉल्ड्स ५३१ (महागड्या मॉडेलांची हलकी स्टील नळी) चं स्टिकर असलेली मिळाली तर उत्तम.

पण हे सगळं नंतर, आधी साईझ. फ्रेम मोठी असेल तर फुकटातही घेऊ नका.

बघायला जाल तेव्हा सीटपोस्ट आणि हँडलचा स्टेम दोन्ही सैल करून हलवून बघाच, स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं राहिलं की असं जाम होतं की काढताना फ्रेमचीच वाट लागते. वरवरचा गंज चालेल, नळ्यांना सुरकुती किंवा बाक नको. रिम क्रोमच्या स्टीलच्या असतील तर पावसात ब्रेक जवळजवळ लागत नाहीत, आणि तिकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, तेव्हा ॲल्युमिनियमच्याच बघा. चाकं २७ इंची असली तर टायर मिळतात पण चॉईस कमी, किंचित लहान, आजची नेहमीची ७०० सी चाकं बसवायची तर ब्रेक पॅड ४ मिमी खाली पोचतात का तेवढं तपासा.

टायर, केबल, ब्रेक पॅड, चेनसाठी पन्नासेक पाऊंड बाजूला ठेवा.