मदत हवी आहे: रिमॅपनंतर चढावर काळा धूर

2.5 लिटर कॉमनरेल टर्बो डिझेल पिकअप आहे. टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप 2 इंचावरून 2.5 इंची केला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) मात्र तसाच ठेवलाय; तो काढू नयेच. मग ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून घेतली. आता माल भरून तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला की 1800 आरपीएमला काळाकुट्ट धूर, म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर फिल्टर नवा. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा भाग) होजना साबणाचं पाणी लावून 1 बार हवा भरली, तर टर्बोकडच्या क्लॅम्पखाली बारीक बुडबुडे आले. होज बदलला, धूर निम्माच झाला. टर्बोआधी एक्झॉस्टचं तापमान 780 अंशांवर जातं, लांब चढाला पिस्टनची फार काळजी वाटते. स्मोक लिमिटर (हवेच्या मानाने डिझेलवर मर्यादा घालणारी ईसीयूतली सेटिंग) कमी करून घ्यावा, की आधी टर्बोच्या व्हेन (एक्झॉस्टचा झोत वळवणारी हलती पाती) काजळीने अडकल्यात का आणि त्या हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला पुरेसा व्हॅक्यूम मिळतो का ते पाहावं?