मदत हवी आहे: पीआरआय लाइन आयव्हीआरला लागत नाही (तातडीचे!)

खटपट्या: फोन कंपनीवाले काल पीआरआय (एका तारेवर अनेक कॉल चालणारी डिजिटल लाइन) लावून गेले. ती आमच्या आयव्हीआरला ('एक दाबा, दोन दाबा' सांगणारी यंत्रणा) जोडायचीय. ॲस्टरिस्क (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) चालू, कार्डाचा दिवा हिरवा, तरी बाहेरून फोन केला की नुसता एंगेज. सेटिंग सगळं बरोबर आहे, दोनदा तपासलंय. सोमवारी ग्राहकाला दाखवायचंय. प्लीज लवकर सांगा.

जुना लाइनमन: सगळं बरोबर असतं तर धागा निघाला नसता :) सेटिंग अमेरिकन ब्लॉगवरून उतरवलंय का? तिकडे लाइन टी-वन जातीची, 24 चॅनेल. आपली ई-वन, 32 स्लॉट. 0 फ्रेमिंगला, 16 सिग्नलिंगला, उरलेले 30 बोलायला.

सिपभक्त: पीआरआय घेतं कोण आता? एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून चालणारी फोन लाइन) घ्या, कार्डाची कटकटच नाही.

जुना लाइनमन: आणि नेट गेलं की ग्राहकाला काय ऐकवायचं, शंख?

खटपट्या: ई-वनच आहे हो, तेवढं कळतं. बी (बोलायचे) चॅनेल 1-15 आणि 17-31, डी (सिग्नलिंगचा) 16. लाइनची बाकी सेटिंगं सीसीएस, एचडीबी3, सीआरसी4. सिग्नलिंगची पद्धत युरो आयएसडीएन.

कोकणी मेवा: केबल क्रॉस करा. पिन 1-2 ची जोडी 4-5 वर. माझं डोळे झाकून तेच निघालं होतं.

जुना लाइनमन: अहो, तसं असतं तर लाल अलार्म आला असता. दिवा हिरवा म्हणजे तार जिवंत, इतकंच. डी चॅनेल उठलाय का ते बघा. ॲस्टरिस्कला 'पीआरआय शो स्पॅन्स' ही कमांड द्या, काय म्हणतं?

खटपट्या: 'प्रोव्हिजन्ड, डाउन, ॲक्टिव्ह'. लॉगमध्ये एकच ओळ सारखी येतेय, फालतू वाटली म्हणून लिहिली नव्हती. अर्थ असा की आम्ही स्वतःला नेटवर्क समजतोय, पण समोरचेही स्वतःला नेटवर्कच समजतायत.

जुना लाइनमन: एका घरात दोन सासवा! सिग्नलिंगपुढे 'पीआरआय_नेट' आहे ना? 'पीआरआय_सीपीई' (म्हणजे गिऱ्हाइकाची बाजू) करा. फाइल आणलीत कुठून?

खटपट्या: जुन्या ऑफिसातल्या मशीनची. तिथे ते ईपीएबीएक्सला (ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज) जोडलं होतं. हे सांगायला हवं होतं का?

जुना लाइनमन: पहिल्याच ओळीत! तिथे तुमचं मशीन एक्स्चेंजच्या जागी होतं, इथे गिऱ्हाईक आहे. स्पॅनच्या (लाइनच्या सेटिंगच्या) ओळीत दुसरा, घड्याळाचा आकडाही 0 असणार, तो 1 करा. घड्याळ कंपनीचं घ्यायचं. स्वतःचं चालवलंत तर फ्रेम घसरतील, आवाजात टकटक येईल, आणि मग पुन्हा धागा काढाल.

सुरेल: 'मराठीसाठी एक दाबा' हे बाईच्या आवाजात घ्या, आणि आधी पर्याय सांगून मग आकडा. लोक आकडा विसरतात.

खटपट्या: डी चॅनेल उठला!! पण फोन लागताक्षणी कटतोय.

कोकणी मेवा: केबल बघितलीत का?

जुना लाइनमन: मेवा, पुरे. खटपट्या, डायलप्लॅनमध्ये (कोणता कॉल कुठे न्यायचा ते ठरवणारी फाइल) नुसतं 'एस' (आकडे न आलेल्या कॉलसाठीचं एक्स्टेन्शन) ठेवलंय का? लाइनवरून डायल केलेले आकडे येतात, ते 'एस'कडे जात नाहीत. किती आकडे येतात ते कन्सोलवर बघा आणि त्याच नंबरचं एक्स्टेन्शन लिहा.

खटपट्या: चार येतायत. लिहिलं. स्वागताची टेप वाजली! ती पण जुन्या ऑफिसच्या नावाची. बदलतो.