घरचा ग्रुप: भाऊजींची वॅगनआर, गुलमर्ग अन छपरावरचं कॅरिअर

विक्की: जय जगदंबा सगळ्यायले. एक विचारायचं होतं. फेब्रुवारीत गुलमर्गले जाऊन रायलो, मी, गुड्डी, बंटी अन बंटीचा रूमपार्टनर. मनालीले स्कीइंगचा कोर्स केला तेव्हापासून डोक्यात होतं, आता पुण्याच्या एका पोट्ट्याजवळून सेकंडहँड स्कीच्या दोन जोड्या भेटल्या. रेल्वेत एवढ्या लांब फळ्या कोण सांभाळत बसते म्हणून भाऊजींची वॅगनआर नेतो म्हटलं, भाऊजी हो म्हणाले. आता वर कॅरिअर पायजे. चौकातला वेल्डिंगवाला चौकोनी पाईपचं दोन दिवसात बनवून देतो म्हणते. लावू का

भाऊजी: मी हो नाही म्हटलं. मी बघू म्हटलं

गुड्डी: भाऊजी, ताईनं हो म्हटलं, झालं मंग 😄

शालूआत्या: स्की म्हणजे तेच काय रे जे बर्फावरून घसरतेत. पांढरकवड्यात पायऱ्या उतरता येत नाई तुले धड, तिकडं डोंगरावरून कायले घसरतं

मोठे काका: वेल्डिंगवाल्याच्या नादी लागू नको विक्की. म्या एवढी वर्षं काळीपिवळी चालवली, छपरावर कापसाचे बोरे नेले, सायकली नेल्या, बकऱ्या नेल्या, लग्नाचं आंदण नेलं, म्हणून सांगून रायलो. त्या जीपचं छप्पर वेगळं अन हे वेगळं. जुन्या गाड्यायले, ओम्नीले, आठशेले, छपराच्या कडेनं पन्हाळी राहे, तिच्यात कॅरिअरचे पाय घट्ट बसे. वॅगनआरले ते काहीच नाई, निरं गुळगुळीत, मधात हात ठेवून दाबून पाय, पत्रा डबडब करते. मंग वेल्डिंगवाला काय करते, दरवाजाच्या कडेत लोखंडी आकडा अडकवते अन बोल्ट पिळते, खाली रबर म्हणून ट्यूबचा तुकडा. उलीसक दिवसात तो तुकडा घासते, त्याच्याखाली रंग जाते, जंग धरते, अन दरवाजाचं रबर चेपलं का पह्यल्या पावसात पाणी सीटवर. काही जण तं छपराले भोक पाडून नटबोल्टच मारतेत, तसं केलं तं तुह्या भाऊजीची वॉरंटीही गेली अन गाडीही गेली समज

भाऊजी: भोक पाडायचं नाव जरी काढलं तरी चावी भेटत नाही

विक्की: नाई हो भाऊजी, कोणी नाई पाडत

मोठे काका: अन दुसरी गोष्ट वजनाची. डॅशबोर्डच्या खणात पुस्तक हाय न गाडीचं, त्याच्यात छपरावर किती किलो चालते ते पाय. छोट्या गाडीचा आकडा लय मोठा नसते. त्या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरा लागते, हे आपल्या लोकायले कोणी सांगतच नाई. लोखंडी पाईपचं अख्खं कॅरिअर उचलून पायलं का कधी? दोघं लागतेत. कॅरिअरच अर्धा कोटा खाऊन बसलं तं सामान काय डोक्यावर घेता

सागर (म्युनिक): काका एकदम बरोबर. इकडं नोव्हेंबर लागला का पार्किंगमधल्या गाड्यायवर आडव्या पट्ट्या दिसायले लागतेत, छोट्या छोट्या गाड्यायवर सुद्धा. माह्या पोलोच्या पुस्तकात ७५ किलो लिहिलं हाय, शेजारच्याची फोक्सवॅगन अप हाय तिच्यात ५०, अन हे पट्ट्या धरून. पण विक्की तुले पूर्ण कॅरिअर लागतच नाई न. स्कीसाठी फक्त दोन आडव्या पट्ट्या, अॅल्युमिनियमच्या, अन त्याच्यावर स्की धरायचा जबडा. जबडा म्हणजे दोन लांब दांड्या, आतून रबर, वरची उघडते, स्की ठेवल्या का बंद करून कुलूप. पट्ट्या पाच किलोच्या आसपास, जबडे तीन-चार किलो, स्कीची एक जोडी बाइंडिंग (बूट स्कीले धरून ठेवते ती पकड) धरून पाच ते सात. दोन जोड्या टाकल्या तरी पंचवीसच्या आतच राहते

सागर (म्युनिक): आणखी एक, पट्ट्यायचे पाय मॉडेलप्रमाणं येतेत. छपराचा बाक प्रत्येक गाडीचा वेगळा असते, म्हणून रबरी पॅड अन क्लॅम्प त्याच गाडीचा पायजे, अन गाडीचं सालही सांगा लागते घेताना. सगळ्या गाड्यायले चालते म्हणून जे विकतेत ते घेऊ नको

बंटी: भाऊ माह्या मित्राच्या गाडीवर कंपनीचे रेल हाय वरतून, उभे, काळे. ती नेली तं पट्ट्या डायरेक्ट त्याच्यावर

मोठे काका: ते रेल हलवून पायजो बंटी. लय गाड्यायवरचे रेल नुसते शोभेचे असतेत, चिकटवलेले. पुस्तकात लिहिलं असते वजन ठेवू नका म्हणून. नवरदेवाच्या गाडीवर फुलं बांधाले ठीक हाय

बंटीचा रूमपार्टनर: काका नमस्कार. माझी सीएनजी आहे ती पण नेता येईल

विक्की: अरे सीएनजीची टाकी डिक्कीत, चार जणांच्या बॅगा कुठं टाकशीन

गुड्डी: मी काय म्हणते, वर लावायचं कायले, आतच नेऊ न. आता भाऊजींच्या गाडीत मोजून आली. वाडीतून एक सरळ तुराटी घेतली, स्कीएवढी तोडली, मोठी जोडी १७० सेंटीमीटरची हाय तेवढी. मागच्या सीटचा छोटा भाग पाडला, डिक्कीतून आत सारली तं समोरच्या दोन सीटच्या मधातून गिअरच्या अलीकडं येऊन थांबली. म्हणजे बसते!!

गुड्डी: फक्त तुराटीचा कचरा सीटवर पडला थोडा, भाऊजी रागवू नका

भाऊजी: पायला मी. शेंगा अन पाला सगळा. झाडू कोण मारणार

मोठे काका: बसते हे खरं, पण विचार कर गुड्डी. एक सीट पाडली का मागं दोघं, समोर दोघं, चार झाले, ठीक. पण ज्या डिक्कीतून स्की सारल्या त्या डिक्कीत चार जणांच्या बॅगा, बूट, अंथरुण, शालूच्या शेंगदाण्याच्या थैल्या, हे कुठं जाते? मंग कोणीतरी म्हणते बॅगा वर टाका. तिथंच घोटाळा होते. हलकं वर अन जड आत, असं पायजे, आपल्याकडं सगळे उलटं करतेत. जीपवर बोरे टाकले अन करंजीच्या वळणावर गाडी कशी डुले ते मले माहीत हाय, ब्रेक मारला तरी वरचं वजन पुढंच जाऊ पायते. स्की हलक्या, चपट्या, त्या वर. बॅगा, बूट, पाण्याच्या कॅन, टायर बदलायचं सामान, सगळं आत, खाली. अन आत स्की नेल्याच तं नीट बांधा लागते, नाई तं करकचून ब्रेक लागला का मधातून सुटलेली फळी काच फोडून जाईन

विक्की: म्हणजे काका, पट्ट्या लावू, फक्त वेल्डिंगवाला नाई?

मोठे काका: हो बाप्पा, एवढं तं कधीचं सांगून रायलो

शालूआत्या: मंग शेंगदाणे नेशीन न. तिकडं थंडीत अंगात उष्णता पायजे. तीळगुळाचे लाडू, तिखट, जवसाची चटणी पण देते. सगळं मिळून उलीसक होते

विक्की: आत्या तुमचं उलीसक दहा किलोचं असते

सागर (म्युनिक): स्की ठेवायची पद्धत सांगतो, हे लय लोक चुकतेत इकडं पण. स्कीचं वळलेलं टोक मागच्या बाजूले, शेपटी समोर. टोक समोर ठेवलं तं हवा त्या वळणात शिरते अन उचलते. दोन स्की तळाले तळ लावून. डिक्कीचं दार उघडून पाय आधी, वॅगनआरचं दार वर उघडते, स्की मागं जास्त गेली तं दार तिच्यावर आदळते. छपरावरचा अँटिना आधी फिरवून काढून घे. बाइंडिंगले प्लास्टिकची थैली बांध, तुमच्याकडं ट्रकचा चिखल अन धूळ, इकडं रस्त्यावरचं मीठ, दोन्ही त्या स्प्रिंगमध्ये जाते अन मंग बाइंडिंग वेळेवर सुटत नाई, पडल्यावर गुडघा जाते. पण पूर्ण कापडी बॅगेत घालून वर ठेवू नको, हवेनं फुगते अन फडफडते

सागर (म्युनिक): अन बूट गाडीत, हिटरजवळ. थंड झालेला स्कीबूट पायात जातच नाई, प्लास्टिक कडक होते, पार्किंगमध्ये लोक रडतेत अक्षरशः

बंटी: भाऊ आपल्याजवळ नायलॉनची दोरी हाय शेतातली, जबडा महाग असन तं पट्ट्यायले दोरीनंच बांधू

मोठे काका: नायलॉन ताणते. सकाळी करकचून बांधलेली दुपारी ढिली. बंजी, ती हुकवाली लवचिक दोरी, तं नाहीच, ती बकेट बांधाले ठीक. बांधायचंच तं कापडी पट्टा, रॅचेटवाला. अन पट्ट्याले मधात एक पीळ द्याचा, सपाट ठेवला का हवेत असा घूं घूं करते का दोन घंट्यात डोकं फुटते. पीळ दिला का आवाज बंद. लय रॅचेट पिळू नको, खालची आडवी पट्टी वाकते. पण माह्यं म्हणाल तं जबडाच घ्या, कुलूपवाला, धाब्यावर जेवाले उतरले तं गाडीकडं पाहत जेवा लागन नाई तं

विक्की: रस्ता तं सोपा हाय. आपल्या पांढरकवड्यावरून जाते तोच हायवे, ४४ नंबर, हिंगणघाट, नागपूर, सिवनी, झाशी, आग्रा, दिल्ली, जम्मू, सरळ श्रीनगरले. कुठं वळायचंच नाई

मोठे काका: वळायचं नाई, पण दोन हजार किलोमीटरच्या आसपास हाय, एका दमात मारू नका. पट्ट्या लावल्यावर घरून निघाले का बुटीबोरीले थांबून सगळे बोल्ट परत तपासा, नवे पाय पह्यल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये बसतेत अन बोल्ट ढिले होतेत. नंतर रोज सकाळी एकदा. अन ८०-९० च्या वर कशाले चालवता, वर सामान असलं का हवा ब्रेकासारखी धरते, गाडीही जास्त पेते अन बाजूनं ट्रक गेला का झोलाही देते. पेंचच्या जंगलाच्या पट्ट्यात तं तसंही हळू

भाऊजी: पेट्रोल कोण भरणार हे अजून ठरलं नाही

गुड्डी: भाऊजी आम्ही चौघं मिळून. टोलही आम्हीच

भाऊजी: फास्टॅग माझा आहे

बंटी: पोलीस पकडतेत का वर फळ्या पाहून

मोठे काका: सामान गाडीच्या बाहेर बाजूनं, समोर, मागं निघालं का मोटार वाहन कायद्याचं कलम १९४, पोटकलम १अ, वीस हजार दंड अन सामान उतरवायचा खर्च वेगळा. काळीपिवळीच्या काळात असं असतं तं मी शेत विकलं असतं. तुमच्या स्की छपराच्या आतच राहतेत, बाहेर निघत नाई, त्याचं टेन्शन नाई. पण कोणाले खाट, सायकल आडवी टाकून न्यायची हौस असन तं ध्यानात ठेवा

विक्की: आता मेन गोष्ट. जम्मूच्या पुढं चेनानी-नाशरी बोगदा ९ किलोमीटरच्या वर हाय, तो झाला का रामबन, मंग काझीगुंडचा बोगदा साडेआठ किलोमीटर. रामबनजवळ दरड आली का रस्ता बंद होते, दिवस-दिवस. म्हणून एक दिवस जास्तीचा धरला

मोठे काका: दोन धर

विक्की: अन टंगमर्गले पोचलो का, वर गुलमर्ग १३ किलोमीटर. बर्फ पडला असन तं चेन लावलेली नाई तं फोर बाय फोर गाडीच वर सोडतेत. आपली समोरच्या चाकाची गाडी, चेन समोरच्या दोन चाकायले लागते. मी विचार केला, तिथं वॅगनआर टंगमर्गले ठेवतो, स्की काढून तिथल्या सुमोत टाकतो, काश्मिरी ड्रायव्हर रोजचे हाय त्या रस्त्यावर

मोठे काका: हे तू पह्यल्यांदा शहाण्यासारखं बोलला. आपल्या पोट्ट्यायले वाटते चिखलात ट्रॅक्टर चालवला म्हणजे बर्फात गाडी चालवता येते. नाई येत

भाऊजी: टंगमर्गला गाडी किती दिवस उभी राहील. रेडिएटरमध्ये पाणी आहे माझ्या

मोठे काका: साधं पाणी???

भाऊजी: उन्हाळ्यात कमी झालं होतं, नळाचं टाकलं

मोठे काका: जवाई, आपल्याकडं ४५ डिग्रीत नळाचं पाणी टाकून भागते, तिकडं रात्री शून्याच्या खाली जाते. पाणी गोठलं का फुगते, रेडिएटर फाटते, इंजिनचा ब्लॉकही तडकू शकते. सगळं काढून कूलंट टाका, बरोबर प्रमाणात. काचेवर मारायच्या पाण्याचंही तसंच, तिथं साधं पाणी नको. रात्री उभी करताना वायपर वर उचलून ठेवा, नाई तं काचेले चिकटतेत. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पह्यला गिअर टाका अन चाकाले दगड लावा, ओला हँडब्रेक गोठून धरते. कॅरिअरच्या गप्पात ही गोष्ट रायलीच असती पाय

बंटीचा रूमपार्टनर: एक विचारू का, राग नका मानू. गुलमर्गमध्ये स्की, बूट सगळं भाड्यानं मिळतं ना. मग दोन हजार किलोमीटर वर बांधून न्यायचं कशाला. मी आणि बंटी तर भाड्यानंच घेणार आहोत

भाऊजी: हा पोरगा मला पहिल्यापासून आवडतो

गुड्डी: 😂😂

विक्की: भेटतेत रे. पण बूट जर पायाले बरोबर बसले नाई तं सगळा दिवस पाय चेपून रडा लागते, म्हणून बूट स्वतःचे. अन त्या बुटाचं माप बाइंडिंगले सेट केलेलं असते, आपल्या जोडीले ते करून घेतलं, स्प्रिंगचा नंबर वजनाप्रमाणं. अन खरं सांगू का, विकत घेतल्या अन घरी ठेवून भाड्याच्या घेतल्या तं बाबा मले घरात घेणार नाई

मोठे काका: हे कारण पटलं

सागर (म्युनिक): विक्की, पह्यल्या दिवशी गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नको, अफरवत डोंगरावरचं ते स्टेशन चार हजार मीटरच्या जवळ हाय, दम लागते. पह्यले पायथ्याशी सराव कर. अन खाली आल्यावर स्की पुसूनच जबड्यात टाक, कडा गंजतेत

विक्की: ठीक सागरदादा. मंग ठरलं का भाऊजी? शनिवारी नागपूरले जातो पट्ट्या घ्याले, गाडी घेऊन जातो म्हणजे तिथंच मोजून लावून देतीन

भाऊजी: अटी ऐक. एक, आधी गाडीच्या पुस्तकातला वजनाचा आकडा फोटो काढून इथं टाक. दोन, पट्ट्या लावायच्या आधी छपराचे चारही बाजूनं फोटो. तीन, परत आल्यावर त्याच दिवशी काढायच्या, वर्षभर डोक्यावर घेऊन फिरणार नाही, एकतर पेट्रोल पिते अन वरून शाळेची गाडी वाटते. चार, कूलंटचे पैसे तुझे

विक्की: कूलंटचे पैसे कायले माह्ये

भाऊजी: मी यवतमाळात राहतो, मला शून्याखाली जायचं काम नाही

मोठे काका: शनिवारी मीही येतो नागपूरले. दुकानदार काहीही चिकटवते. मले समोरच्या सीटवर बसवजा, मागं पाय दुखतेत

शालूआत्या: मंग येताना बर्डीवरून संत्र्याची बर्फी आणा, अन त्या पट्ट्या लावल्याच हाय तं माह्यी शिलाई मशीन दुरुस्तीले दिली हाय इतवारीत, ती पण वर टाकून आणा न

मोठे काका: शालू, मशीन आत. डिक्कीत