सल्ला हवा: पॉडकास्टमध्ये माझा आवाज मोठा, आजीचा बारीक

जात्यावरची_ओवी: आजीकडून जात्यावरच्या ओव्या आणि त्यांमागच्या गोष्टी रेकॉर्ड करतेय. माझा आवाज दणदणीत, तिचा बारीक. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पीक नॉर्मलाइज केलं, फरक नाही. लाउडनेस मोजायला नि नीट करायला काय वापरू? बजेट दीड हजार, वर एक रुपया नाही.

खर्जातला_सा: आधी ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आणि दोन डायनॅमिक माइक घ्या. माझे तीस हजार गेले, पण लोक विचारतात कुठल्या स्टुडिओत करता.

कानसेन: दीड हजार लिहिलंय हो ताईंनी! पीक म्हणजे फक्त सर्वात उंच टोक. आजी एकदा खोकल्या की पीक तिथंच ठरलं, बोलणं खालीच राहिलं. कानाला जाणवणारा आवाज एलयूएफएस या एककात मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. युलीन लाउडनेस मीटर फुकट आहे, त्यातला 'इंटिग्रेटेड', म्हणजे पूर्ण भागाचा आकडा बघा. ॲपल पॉडकास्ट मायनस १६ मागतं, एखादा इकडेतिकडे चालतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं उंच टोक, मायनस १ च्या वर नको.

फेडर_खाली: स्पॉटिफायचं मायनस १४ आहे. १४ च ठेवा.

कानसेन: बोलणं १४ ला ढकललं की लिमिटर (उंच टोकं दाबणारं साधन) सतत दाबत बसतो, ऐकणारा थकतो. १६.

मध्यरात्र_मिक्स: ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आधीपासून मायनस २३ भरलेलं असतं. तो युरोपातल्या टीव्ही-रेडिओचा आकडा, २०१० पासूनचा. तो बदला, नाहीतर भाग कुजबुजल्यासारखा येईल. हे कुठल्याच व्हिडिओत धड सांगत नाहीत. आणि फाइल मोनो (एकाच चॅनेलची) असेल तर मायनस १९ ठेवा.

फेडर_खाली: १९ कशाला? तिथंच मोनोला ड्युअल मोनो (दोन्ही कानांत तोच आवाज) धरायचा चौकोन आहे. त्यावर टिक करा, १६ च टाका.

मध्यरात्र_मिक्स: म्हणजे आता १४ नाही ना तुमचं?

साधा_श्रोता: युलीन मीटर घ्या, फुकट आहे.

गावाकडचा_माइक: मूळ प्रश्न राहिला की! दोघी एकाच ट्रॅकवर असाल तर सगळं एकदम वर जाईल, अंतर तसंच. ट्रॅक वेगळे असतील तर आधी प्रत्येकीचा वेगळा मोजून सारखा करा, मग एकत्र. एकच ट्रॅक असेल तर ऑफॉनिक या वेबसाइटचं लेव्हलर (बारीक-मोठा आवाज आपोआप सारखा करणारं) लावा, महिन्याला दोन तास फुकट मिळतात.

जात्यावरची_ओवी: ट्रॅक वेगळेच होते! दोन्ही सारखे केले, अंतर गेलं. गावाकडचा_माइक, खूप आभार. पण १६ ला नेलं की आजीमागची पंख्याची घरघर वर येते, आणि घरघर काढायला गेलं तर तिचा आवाज पत्र्यासारखा होतो. म्हणून मायनस १८ ठेवतेय. ऐकणारे फोनचा आवाज थोडा वाढवतील.

कानसेन: ॲपलच्या बाहेर जातंय हे.

जात्यावरची_ओवी: हो, माहीत आहे. १८ च.