ग्लासगोच्या चौकातली असई : आपलेही अनुभव लिहावेत

गेल्या आठवड्यात जालना जिल्ह्यातील असई गावी गेलो होतो. केळणा नदीच्या काठावर उभा असताना मला एकाएकी ग्लासगो आठवले. काही वर्षांपूर्वी आम्ही लंडनहून स्कॉटलंडमधील ओबान या गावी निघालो होतो. लंडनची गाडी ग्लासगो सेंट्रलला पोहोचते आणि ओबानची क्वीन स्ट्रीट स्थानकावरून सुटते, त्यामुळे मधले तीन तास आम्हाला शहरासाठी मिळाले. या दोन स्थानकांच्या दरम्यान रॉयल एक्स्चेंज चौकात, आधुनिक कलासंग्रहालयासमोर, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा १८४४ सालचा अश्वारूढ पुतळा आहे. सारे जण त्याच्या डोक्यावर गमतीने चढवलेल्या, रस्त्यावरच्या वाहतुकीच्या शंकूचे छायाचित्र घेत होते. पत्नीने मात्र मला चौथऱ्याजवळ बोलावले. तेथील कांस्य उठावचित्रांपैकी एक वॉटर्लूच्या लढाईचे आहे आणि दुसरे असईच्या! २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्याच्याच फौजेशी लढताना शिंद्यांचे जे गोलंदाज तोफा न सोडता जागीच पडले, त्यांचा पराभव इतक्या दूरच्या चौकात विजय म्हणून कोरलेला पाहून मी पावसात बराच वेळ तेथून हललो नाही. आपणांपैकी कोणी अशा धावत्या भेटीत काही पाहिले असल्यास अवश्य लिहावे.

प्रतिसाद (जालना)
माझे आजोळ असईच्या परिसरातले. नांगरताना सापडलेला तोफेचा गोळा आजीने देवघराशेजारी ठेवला होता आणि ती त्याला रोज हळदकुंकू वाहत असे. ते उठावचित्र तिला दाखवता आले असते तर फार बरे झाले असते.

प्रतिसाद (ग्लासगो)
मी येथे अकरा वर्षे राहते. शंकू चढवता येऊ नये म्हणून चौथरा उंच करण्याचा पालिकेचा प्रस्ताव २०१३ मध्ये लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला, इतका तो शंकू शहराला प्रिय आहे. असईत सर्वाधिक हानी सोसलेली ७४ वी हायलँड पलटण १८८१ मध्ये हायलँड लाइट इन्फन्ट्रीत सामील झाली आणि त्या रेजिमेंटला पुढे ग्लासगोचेच नाव जोडले गेले. त्यामुळे असई हा शब्द येथे अगदीच परका नाही.

प्रतिसाद
आम्हाला ग्लासगोत चार तास मिळाले, ते केल्विनग्रोव्ह संग्रहालयात गेले. प्रवेश विनामूल्य आहे. दुपारी एक वाजता ऑर्गन सुरू झाला आणि माझे वडील, जे एरवी कोठेही पाच मिनिटे थांबत नाहीत, ते शेवटपर्यंत बसून राहिले. भारताला सात वस्तू परत देण्याच्या करारावर ऑगस्ट २०२२ मध्ये येथेच सह्या झाल्या. त्यांत कानपूरच्या मंदिरातील दगडी चौकटीचा भागही आहे, हे मला नंतर समजले.

प्रतिसाद
ग्लासगो कॅथीड्रलच्या तळघरातील, शहराचे आश्रयदाते संत मुंगो यांची समाधी चुकवू नये. सोबत ज्येष्ठ मंडळी असल्यास शेजारच्या टेकडीवरचे नेक्रोपोलिस, म्हणजे जुनी दफनभूमी, मात्र दमवते.

प्रतिसाद (जालना)
त्या उठावचित्राचे छायाचित्र आपल्याकडे आहे काय? मामांना दाखवायचे आहे.

मूळ लेखक
पत्नीच्या जुन्या फोनमध्ये असावे. आज रात्री शोधतो आणि येथेच लावतो.