'साउंड ऑफ माय व्हॉइस'चा शेवट: जाणीवपूर्वक ठेवलेली संदिग्धता की अर्धवट सोडलेली गोष्ट?

प्रश्न
झाल बाटमंगलिज दिग्दर्शित 'साउंड ऑफ माय व्हॉइस' (२०११) नुकताच पाहिला. पुढे शेवट उघड केला आहे, त्यामुळे ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी कृपया येथेच थांबावे. मॅगी नावाची तरुणी आपण २०५४ सालातून आल्याचे सांगून एका तळघरात अनुयायी जमवते आणि तिचे बिंग फोडण्यासाठी पीटर व लॉर्ना हे जोडपे त्या पंथात शिरते. शेवटी पंथाबाहेरची एक लहान मुलगी, जी आपली आई असल्याचा मॅगीचा दावा आहे, मॅगीशी पंथाचे ते गुंतागुंतीचे गुप्त हस्तांदोलन अचूक करते, लगेच मॅगीला अटक होते आणि चित्रपट संपतो. माझ्याबरोबर पाहणाऱ्या दोघांपैकी एक भारावून गेला, तर दुसऱ्याला सरळसरळ फसवणूक झाल्यासारखे वाटले. पैशाअभावी दिग्दर्शकाने उत्तर देणे टाळले असावे का?

प्रतिसाद १
पैशाचे कारण मला पटत नाही. चित्रपट सुमारे १ लाख ३५ हजार डॉलरांत झाला हे खरे, परंतु मॅगी खोटी आहे की खरी हे सांगायला एक संवाद पुरेसा होता आणि त्याला काहीच खर्च आला नसता. उलट भविष्यकाळ पडद्यावर दाखवण्याची ऐपत नसल्यामुळेच आपण अनुयायांच्या जागी जाऊन बसतो, कारण त्यांच्यापाशी जेवढा पुरावा आहे तेवढाच आपल्यापाशी उरतो: पांढऱ्या वस्त्रांतील एक आजारी स्त्री आणि तिचा आवाज. ब्रिट मार्लिंग यांनी मॅगीची भूमिका केली आहे आणि पटकथाही दिग्दर्शकासोबत लिहिली आहे, म्हणूनच कदाचित त्या आवाजातील माया व धाक एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

प्रतिसाद २
मी तुमच्या दुसऱ्या मित्राच्या बाजूने आहे. संदिग्धता म्हणजे दोन्ही अर्थांना सारखा आधार असणे. मॅगीला भविष्यातील गाणे म्हणायला सांगितले जाते आणि ती १९९०च्या दशकातले प्रसिद्ध गाणे म्हणते, तिथे हा समतोल उत्तम साधला आहे. तिची थाप उघडी पडली असेही म्हणता येते आणि जुनी गाणी पुढेही गायली जातील असेही. हस्तांदोलनाला मात्र मॅगीचा दावा सोडून दुसरे कोणतेही स्पष्टीकरण चित्रपट देत नाही, आणि मॅगीच्या मागावर असलेल्या, न्याय खात्यातून आल्याचे सांगणाऱ्या एका स्त्रीचा धागाही तसाच लोंबकळत राहतो. हे मला लेखनातील उणेपण वाटते.

प्रतिसाद ३
गाण्याच्या प्रसंगाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. २१ डिसेंबर १९५४ रोजी महापूर येणार असे मानणाऱ्या अमेरिकेतील एका छोट्या गटाचा सामाजिक मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आत राहून अभ्यास केला होता. पूर आला नाही, तेव्हा आपल्या श्रद्धेमुळेच जग वाचले असा अर्थ त्या गटात लावला गेला आणि काही जण अधिकच उत्साहाने प्रचार करू लागले. तळघरातही तेच घडते: गाणे ओळखणारा माणूस बाहेर काढला जातो आणि बाकीचे बसून राहतात. त्यामुळे मॅगी कोण आहे यापेक्षा हे लोक उठून का जात नाहीत, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हस्तांदोलनाबाबतचा आक्षेप मात्र मला मान्य आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री केवळ तो गाण्याचा प्रसंग पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहताना मला मॅगीचा नव्हे, तर तिला प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाचा राग आला होता, आणि त्याला बाहेर काढल्यावर काही क्षण हायसेही वाटले होते. हे मी तेव्हा बरोबरच्या दोघांनाही सांगितले नव्हते.