औषधांच्या स्टॉकिस्टचं बिलिंग: "आत्ताचं आहे तसंच, फक्त सोपं" या मागणीचं काय करायचं?

शून्यएक

औषधांच्या घाऊक विक्रेत्यासाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करतोय. रक्कम आधीच ठरलेली. लेखी मागणी म्हणाल तर एवढीच: "खरेदी, विक्री, स्टॉक, जीएसटी, रिपोर्ट. आत्ताचं आहे तसंच, फक्त सोपं आणि फास्ट."

आता प्रत्येक डेमोला नवं काहीतरी निघतं. स्कीमचा (ठरावीक नगांवर काही फुकट असा) माल परत आला तर काय? एक्स्पायरीचा क्लेम (मुदत संपलेल्या मालाच्या भरपाईची मागणी) कुठे दिसतो? बिल डिलीट का होत नाही? प्रिंट जुन्यासारखी का येत नाही? मालक एक सांगतात, काउंटरवरचा मुलगा दुसरं, अकाउंटंट तिसरंच. "काय हवंय ते लिहून द्या" म्हटलं की "अहो, तुम्हालाच जास्त कळतं" हे ठरलेलं उत्तर.

पुढच्या कामात हे सगळं सुरुवातीलाच कसं काढून घ्यायचं? आणि या कामात साचलेल्या मागण्यांपैकी कशाचे पैसे मागावेत, कशाचे नाही?

---

काउंटरमागे

लिहून मागू नका, कागद मागा. धंदा त्यांना पाठ आहे, पण जे रोज हातानं होतं ते "मागणी" म्हणून सांगायचं असतं हे त्यांच्या गावीही नसतं. पहिल्या भेटीत एवढं गोळा करा: गेल्या महिन्याची वीसेक विक्री बिलं (त्यात हातानं खाडाखोड केलेली आधी उचला), सगळ्या क्रेडिट नोटा (परत आलेल्या मालाची रक्कम वजा केल्याचे कागद), कंपनीला पाठवलेला एक एक्स्पायरी क्लेम, खरेदीची दोन-तीन बिलं आणि काउंटरवरची वही. ती वही सोडू नका. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जे बसत नाही ते सगळं तिच्यात असतं.

मग कोड लिहायच्या आधी त्यातली बिलं एक्सेलमध्ये पैशापर्यंत जुळवा. जिथे जुळत नाही तिथे तुमचा प्रश्न सापडला.

स्कीमचंच घ्या. १०+१, पीटीआर (दुकानदाराला लागणारा दर) ८० रुपये. बिल १० स्ट्रिपचं, ८०० रुपये. स्टॉकमधून गेल्या ११. आता दुकानदारानं ५ स्ट्रिप परत पाठवल्या. क्रेडिट किती द्यायचं? (सीडी, म्हणजे रोखीची सूट, आणि जीएसटी तूर्त बाजूला ठेवू.)

बिलाच्या दरानं धरलं तर ५ × ८० = ४०० रुपये.
फुकटची स्ट्रिप सगळ्यांवर वाटून धरली तर ८०० ÷ ११ = ७२.७३, म्हणजे पाच स्ट्रिपचे ३६३.६४.
आधी फुकटची परत आली असं धरलं तर ४ × ८० = ३२०.

तिन्ही पद्धती बाजारात चालतात. "रिटर्न कसा करता?" असं विचारलंत तर "करतो की, नेहमीसारखा" एवढंच ऐकायला मिळेल. हे तीन आकडे कागदावर मांडून समोर ठेवलेत की मालक पटकन एकावर बोट ठेवतात. आणि बऱ्याचदा म्हणतात, "अमक्या पार्टीला हा, बाकीच्यांना तो." खरी मागणी ती. ती आधी कळली तर पार्टी मास्टरमध्ये (गिऱ्हाइकांच्या मूळ यादीत) एक जास्तीचं खानं, नंतर कळली तर क्रेडिट नोटेचं सगळं गणित उलगडून परत विणायचं.

---

हिशोबनीस

वरचं पटलं. पण काही गोष्टी कागदातही दिसत नाहीत, कारण त्या नियमातून येतात.

बिल डिलीट: काउंटरवाल्याला हवं असतं "चुकलेलं बिल गायब", अकाउंटंटला हवी असते सलग क्रमांकांची मालिका. डिलीटचं बटण देऊ नका. बिल रद्द करा, क्रमांक जागेवर राहू द्या, कारण लिहून घ्या. माल बाहेर पडून गेला असेल तर क्रेडिट नोट. गिऱ्हाईक कंपनी म्हणून नोंदलेलं असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं बंधनकारकच आहे, तिथे चर्चेला जागा नाही. बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. मालकांना त्यात दुकानाचं नाव, वर्ष, सेल्समनचा कोड असं सगळं कोंबायचं असतं, म्हणून हे आधीच सांगा.

कराचा दर: आयटम मास्टरमध्ये (मालाच्या मूळ यादीत) एकच खानं ठेवून भागत नाही, दराला "कधीपासून" ही तारीख लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली, काही शून्यावर. त्याआधी विकलेल्या मालाची क्रेडिट नोट त्यानंतर निघाली तरी दर मूळ बिलाचाच, १२ टक्के. मास्टरमधला चालू दर उचलणारं सॉफ्टवेअर इथे चुकीचा आकडा काढतं, आणि ते जीएसटीचं रिटर्न भरताना कळतं.

एक्स्पायरीचा माल: जीएसटीच्या २०१८ च्या परिपत्रकानं दोन वाटा दिल्या आहेत. पुरवठादारानं क्रेडिट नोट द्यायची, किंवा माल परत करणाऱ्यानं त्याचं नव्यानं बिल करून पाठवायचं. तुमचं गिऱ्हाईक कुठल्या वाटेनं जातं ते काउंटरवर विचारू नका, अकाउंटंटला विचारा. दोन्हींचे स्क्रीन वेगळे होतात.

शिवाय सुरुवातीचा स्टॉक. बॅच, एक्स्पायरी, एमआरपी यांसकट तो कोण भरणार, हे कुणीच बोलत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या यादीत एकच औषध तीन स्पेलिंगनं असतं. ते निस्तरायचं काम कुणाचं, हे करारात एका ओळीत लिहाच.

---

ओळछाप

"सोपं", "फास्ट" आणि "आत्ताचं आहे तसंच" हे तीन शब्द आले की थांबा. या धंद्यात "फास्ट" म्हणजे सर्व्हर फास्ट नव्हे, माऊसला हात न लावता बिल झालं पाहिजे. नावाची तीन अक्षरं, एंटर, मुदत लवकर संपणारी बॅच आपोआप वर, संख्या, एंटर. तासभर काउंटरमागे उभं राहून बिल करणाऱ्या मुलाची बोटं पाहा आणि कळांचा क्रम लिहून घ्या. एफ२ ला जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जे व्हायचं तेच तुमच्यातही व्हायला हवं.

"तसंच" मध्ये प्रिंटर दडलेला असतो. डॉट मॅट्रिक्स, दोन-तीन प्रतींचा सलग कागद. तुम्ही ब्राउझरवर चालणारं केलं असेल तर प्रिंट चित्र म्हणून जाते: संथ, पुसट, आणि प्रत्येक बिलाला मध्ये प्रिंटची खिडकी. उपाय म्हणजे त्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवायचा आणि बिल साध्या मजकुराच्या रूपात थेट प्रिंटरला पाठवायचं. एका इंचात ६ ओळी, म्हणजे ६ इंची कागदावर ३६ ओळी. ही लांबी प्रिंटरला आज्ञेतून सांगावी लागते, नाहीतर तो पूर्ण लांबीच्या कागदाइतका सरकतो आणि मधलं अर्धं पान कोरं जातं. कुठला प्रिंटर आहे हे पहिल्याच दिवशी विचारायचं. त्यावर वेबचं करायचं की डेस्कटॉपचं, हेही ठरू शकतं.

रिपोर्टचं काय? "सगळे रिपोर्ट" असं कुणी म्हटलं की तीन प्रश्न: कोण बघणार, कधी, आणि बघून काय करणार? पार्टीनिहाय येणी, तीन महिन्यांत एक्स्पायर होणारा माल आणि जीएसटीचे आकडे. यापलीकडचे बहुतेक रिपोर्ट एकदा उघडून पुन्हा कुणी उघडत नाही.

---

करारमदार

पैशांचं. आधी स्वतःशी कठोर व्हा. औषधांचं घाऊक बिलिंग घेतलं म्हणजे बॅच, एक्स्पायरी, स्कीम आणि त्यांचा परतावा आलाच. तो गिऱ्हाइकानं सांगितला नाही, हे कारण चालणार नाही. स्कीम रिटर्नचे पैसे मागू नका. एक्स्पायरी क्लेमचेही नाही.

साचलेल्या मागण्या तीन ढिगांत टाका. ठरल्याप्रमाणे चालत नाही ते: फुकट, लगेच. धंद्याला लागणारच होतं पण दोघांच्याही बोलण्यात आलं नाही ते: मूळ स्वरूपात फुकट, त्यावरची नक्षी पैसे घेऊन. सेल्समनसाठी मोबाइल ॲप, दुसऱ्या गोदामाचा वेगळा स्टॉक असलं काही निघालं तर तो सरळ नवा व्यवहार.

तिसऱ्या ढिगासाठी बदलपत्र. चार ओळी पुरतात: काय बदलणार, त्यानं आधीचं काय हलेल, किती दिवस आणि किती रुपये, कुणी मान्य केलं. फोनवर ठरलं तर लगेच व्हॉट्सॲपवर तेच लिहून पाठवा आणि "ठीक आहे" येईपर्यंत हात लावू नका. पुढच्या कामात करारात "यात नाही" असा वेगळा परिच्छेद ठेवा, तो "यात आहे" पेक्षा जास्त उपयोगी पडतो. आणि वरच्या मंडळींनी सांगितलेली कागद गोळा करण्याची पायरी वेगळी आकारून घ्या. त्यानंतरच पूर्ण कामाची रक्कम सांगा. त्या आधी सांगितलेला आकडा अंदाजपंचे असतो.

---

काउंटरमागे

@करारमदार, बदलपत्र ठीक, पण छोट्या दुकानात दहा पानी दस्तऐवज कुणी वाचत नाही, न वाचता सही करतात. त्यापेक्षा जुळवलेली बिलं आणि क्रेडिट नोटा छापा आणि प्रत्येकीवर मालकांची सही-शिक्का घ्या. पुढे वाद झाला तर तो कागद त्यांना लगेच कळतो. चाचणीलाही तेच आकडे वापरा.

---

शून्यएक

ढीग पाडायला बसतो. ते ८०० ÷ ११ चं आमच्याकडे अजून ठरलेलंच नाही. मालक ४०० म्हणतात, अकाउंटंट ३६३.६४. सही कुणाची घ्यायची?

---

हिशोबनीस

पार्टीला किती सोडायचं हा व्यापाराचा निर्णय, तिथे मालकांची सही. ती रक्कम कुठल्या खात्यात, किती करासकट दाखवायची, तिथे अकाउंटंटची. कळांचा क्रम आणि स्क्रीन काउंटरवाल्यानं पास करायचा. कोण कशाला हो म्हणणार, हे करारात नावानिशी लिहा. आणि या प्रश्नासाठी दोघांना एकाच वेळी समोर बसवा. एकाचं ऐकून दुसऱ्याकडे जात राहिलात तर निरोप्या व्हाल आणि दोन्हीकडून बोलणी खाल.